सम्राट अशोकाची गोष्ट आणि तिच्यामागचे पुरावे: लोकप्रिय इतिहासग्रंथ कसे वाचावेत

प्राचीन काळाचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत तीन वाटांनी पोहोचतो: शाळेचे पाठ्यपुस्तक, मोबाईलवर फिरणारे संदेश आणि गोष्टीसारखी लिहिलेली जाडजूड पुस्तके. पाठ्यपुस्तक परीक्षेनंतर विसरले जाते. संदेश कोणी लिहिला हे कळत नाही. तिसऱ्या प्रकारातली पुस्तके मात्र मनात घर करतात. त्यांत माणसे असतात, प्रसंग असतात, रणांगण असते, पश्चात्ताप असतो. सम्राट अशोकाचे जे चित्र आज आपल्या डोळ्यांसमोर आहे ते मुख्यतः अशाच पुस्तकांनी आणि त्यांवरून निघालेल्या चित्रपट-मालिकांनी रंगवलेले आहे.

हा विषय ग्रंथालयापुरता नाही. अशोकाला थोर म्हणणारे आपण जसे या पुस्तकांतून दाखले देतो, तसे त्याला क्रूर आणि ढोंगी ठरवणारेही देतात. वादात आपला कार्यकर्ता अडतो तो बहुधा माहिती कमी पडल्यामुळे नाही. आपण सांगतो ती गोष्ट नेमकी कुठल्या पुराव्यावर उभी आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो अडतो.

गोष्टीरूप इतिहास म्हणजे काय

हा प्रकार फार जुना आहे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक लेखक हेरोडोटस ऐकलेल्या हकिकती सांगायचा, आणि त्या सगळ्यांवर आपला विश्वास आहेच असे नाही, हेही सांगून ठेवायचा. भारतात सोने उकरून काढणाऱ्या मोठ्या मुंग्या आहेत ही हकिकतही त्याच्याच ग्रंथात आहे.

आधुनिक काळात या प्रकाराला घराघरांत नेले ते एच. जी. वेल्स यांनी. विज्ञानकथा लिहिणाऱ्या या लेखकाचा 'द आउटलाइन ऑफ हिस्टरी' हा ग्रंथ १९१९-२० मध्ये आधी भागाभागांनी आणि मग पुस्तकरूपाने आला. ते व्यवसायाने इतिहासकार नव्हते, पण जगातल्या असंख्य राजांच्या गर्दीत अशोकाला त्यांनी जे वेगळे स्थान दिले, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्या जगाला हे नाव ठाऊक झाले. पुढे नेहरूंनी तुरुंगातून मुलीला लिहिलेली पत्रे 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' म्हणून १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली, १९३५ मध्ये विल ड्युरांट यांचे 'अवर ओरिएंटल हेरिटेज' आले आणि १९५४ मध्ये ए. एल. बॅशम यांचे 'द वंडर दॅट वॉज इंडिया'. अलीकडच्या नावांत टॉम हॉलंड, मेरी बिअर्ड, सुझन वाइज बाउअर आणि विल्यम डॅलरिंपल ही मंडळी येतात. डॅलरिंपल यांचे २०२४ चे 'द गोल्डन रोड' तर बौद्ध धम्म आणि भारतीय विद्या आशियाभर कशी पसरली यावरच आहे, त्यामुळे आपल्या तरुणांच्या हाती ते हमखास दिसते.

या सगळ्यांची ताकद एकच. शेकडो वर्षांचा पसारा ते एका ओघात सांगतात. अडचणही तिथेच आहे. ओघ राखायचा तर मध्ये थांबून "हे आपल्याला कशावरून कळते?" असे विचारता येत नाही. मेरी बिअर्ड यांच्या २०१५ मधल्या 'एसपीक्यूआर' या रोमच्या इतिहासात तो प्रश्न पानोपानी विचारलेला आहे. पुस्तक रोमच्या स्थापनेपासून सुरू होत नाही. ते सुरू होते इसवी सनपूर्व ६३ मधल्या सिसेरो आणि कॅटिलाइन यांच्या संघर्षापासून, कारण त्या काळापासूनचा लेखी पुरावा भरपूर हाती लागतो. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. अशोकावर असे पुस्तक लिहायचे तर सुरुवात शिलालेखांपासून व्हायला हवी.

हरवलेला सम्राट कोणाला सापडला

चार्ल्स अॅलन यांचे २०१२ चे अशोकावरील पुस्तक आणि त्याआधीचे जॉन के यांचे 'इंडिया डिस्कव्हर्ड' (१९८१) ही शोधकथेसारखी वाचली जातात. कथा खरोखरच थरारक आहे. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा जेम्स प्रिन्सेप सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख जुळवत होता. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे त्याच्या लक्षात आले. हे दान दिल्याचे लेख असावेत असा त्याने तर्क केला, 'दानं' हा शब्द सुटला आणि १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी वाचली गेली. पण लेखांतला 'देवानंपिय पियदसि' कोण? प्रिन्सेपला आधी तो सिंहलद्वीपाचा राजा वाटला. तिथे नोकरीत असलेल्या जॉर्ज टर्नरने पाली ग्रंथांच्या आधारे दाखवून दिले की पियदसि म्हणजेच अशोक. १९१५ मध्ये कर्नाटकातल्या मस्की येथे 'अशोक' हे नाव कोरलेला लेखच मिळाला आणि शंका मिटली.

या कथेत नायक गोरे साहेब आहेत. प्रिन्सेपच्या शेजारी बसून लेखांचा अर्थ लावणारे पंडित कमलाकांत विद्यालंकार आणि सिंहली पालीतज्ज्ञ रत्नपाल हे एखाद्या वाक्यात येतात आणि जातात. आपल्याकडचे उदाहरण पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे. भाऊ दाजी लाड यांचे सहायक म्हणून लेण्यालेण्यांतून हिंडून लेखांचे ठसे घेणाऱ्या या माणसाने १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि तिथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा ओळखला. १९५६ मध्ये त्याच परिसरात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला.

या दोन लेखांचा विषय काय आहे हे आपल्या किती वस्त्यांमध्ये माहीत असेल? आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींवर जात, आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. नववा लेख आजारपण, लग्न, मूल होणे, प्रवास अशा वेळी लोक करतात त्या विधींबद्दल आहे. यातून फळ थोडेच मिळते, असे राजाचे म्हणणे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. महाराष्ट्राच्या मातीत सापडलेले अशोकाचे हे शब्द आहेत. गोष्टीरूप पुस्तके त्यांच्यावर क्वचितच रेंगाळतात, कारण त्यांत लढाई नाही.

एका दिवसाचे परिवर्तन?

सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी: कलिंगचे युद्ध झाले, प्रेतांचा खच पाहून राजाचे मन पालटले, तलवार टाकली, बुद्धाला शरण गेला. पडद्यावर हे एका दृश्यात होते.

शिलालेख काय सांगतात? तेराव्या लेखात राजा स्वतः सांगतो की अभिषेकाच्या आठव्या वर्षी कलिंग जिंकला. दीड लाख माणसे तिथून हलवली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. याचे त्याला दुःख आहे. विजयी राजाने स्वतःच्या विजयाबद्दल दगडावर खंत कोरून ठेवावी, याला प्राचीन जगात तोड सापडणे अवघड. पण लघुशिलालेखात तो असेही सांगतो की उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पहिले वर्षभर आपण फारसा उद्योग केला नाही, नंतर संघाच्या जवळ गेलो आणि मग जोमाने लागलो. म्हणजे हा बदल वर्षानुवर्षांचा आहे. चळवळीत काम करणाऱ्याला हे लगेच पटेल. घरातला एखादा माणूस व्यसन सोडतो किंवा कर्मकांड सोडतो, तेव्हा ते एका रात्रीत होत नाही.

आणखी दोन गोष्टी पुस्तकांत अनेकदा गाळल्या जातात. हा तेरावा लेख शाहबाजगढी, कालसी, गिरनार अशा दूरदूरच्या ठिकाणी आहे, पण खुद्द कलिंगमध्ये, धौली आणि जौगड येथे, तो कोरलेला नाही. तिथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत, आणि त्यांत अधिकाऱ्यांना बजावले आहे की सर्व माणसे माझी लेकरे आहेत, कोणाला विनाकारण तुरुंगात टाकू नका, छळू नका. दुसरे म्हणजे याच तेराव्या लेखात जंगलात राहणाऱ्या लोकांना समजुतीबरोबर इशाराही दिलेला आहे: राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हाती अजून बळ आहे. आदिवासी भागात काम करणाऱ्यांनी ही ओळ जरूर वाचावी. अशोकाला देव्हाऱ्यात बसवायचे असेल तर ती अडचणीची आहे. राज्यकर्ता म्हणून समजून घ्यायचे असेल तर फार उपयोगाची.

उलट्या बाजूने, अशोक बौद्ध नव्हताच, 'धम्म' म्हणजे नुसती सर्वसाधारण नीती, असेही कोणी ऐकवते. रोमिला थापर यांनी १९६१ च्या ग्रंथात धम्म हे राज्याचे धोरण होते आणि ते बौद्ध मताशी एकरूप नव्हते, अशी मांडणी केली. तिचे अर्धे वाक्य उचलून हा दावा होतो. धोरण सर्वांसाठी असू शकते आणि राजा व्यक्तिशः बौद्ध असू शकतो. बैराटच्या लेखात तो बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावरील श्रद्धा स्पष्ट शब्दांत सांगतो आणि भिक्खू-भिक्खुणींनी व उपासक-उपासिकांनी ऐकावेत असे सात धम्मपर्यायही नावाने सांगतो. लुंबिनीच्या स्तंभावर अभिषेकाच्या विसाव्या वर्षी स्वतः येऊन वंदन केल्याची आणि गावाचा कर कमी केल्याची नोंद आहे.

एकच ग्रंथ, दोन हत्याकांडे

आता सर्वांत नाजूक मुद्दा. पुष्यमित्र शुंगाने भिक्खूच्या प्रत्येक शिरासाठी शंभर दिनार लावले, ही गोष्ट आपल्या प्रत्येक सभेत सांगितली जाते. ती येते 'अशोकावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथातून. साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आकाराला आलेला हा ग्रंथ, म्हणजे घटनेनंतर तीनेकशे वर्षांनी.

त्याच ग्रंथात दुसरी गोष्ट आहे. पुंड्रवर्धनात कोणीतरी बुद्धाला निर्ग्रंथाच्या पायाशी वाकलेला दाखवणारे चित्र काढले, म्हणून अशोकाने एका दिवसात अठरा हजार आजीवकांना मारवले. पुढे पाटलिपुत्रात तसेच घडल्यावर निर्ग्रंथाच्या शिराला एक दिनार बक्षीस लावले, आणि त्या लोभात त्याचाच भाऊ वीतशोक मारला गेला. संजीव सन्याल यांनी 'द ओशन ऑफ चर्न' (२०१६) या लोकप्रिय पुस्तकात अशोकाच्या थोरवीवर प्रश्न उभे करताना याच कथेचा आधार घेतला, आणि तेव्हापासून ती समाजमाध्यमांवर फिरते आहे.

आपली पंचाईत इथे होते. पहिली गोष्ट अक्षरशः खरी आणि दुसरी बनावट, असे एकाच ग्रंथाबद्दल म्हणता येणार नाही. हीच अडचण समोरच्यांचीही आहे, फक्त ते ती सांगत नाहीत.

मग दोन्ही कथा एकाच चाळणीतून काढाव्या लागतील. दिनार हा शब्द रोमन नाण्याच्या नावावरून आलेला. अशोकाच्या किंवा पुष्यमित्राच्या काळात भारतात तो चलनात नव्हता. 'अशोकावदाना'त पुष्यमित्र हा मौर्य वंशातलाच, अशोकाचा वारस म्हणून दाखवला आहे, यावरून ग्रंथकाराची राजकीय माहिती किती धूसर होती ते दिसते. शेवटी पुष्यमित्राला यक्ष डोंगराखाली गाडतो. कथेचा हेतू उपदेशाचा आहे.

आजीवकांबाबत तर समकालीन पुरावा नेमका उलट आहे. बिहारमधल्या बराबर टेकडीवर, घासूनपुसून आरशासारख्या केलेल्या लेण्यांत, अशोकाने अभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीवकांना लेणी दान केल्याचे लेख आहेत. दिल्ली-टोपरा स्तंभावरच्या सातव्या लेखात धम्ममहामात्र संघाबरोबरच ब्राह्मण, आजीवक आणि निर्ग्रंथ यांचीही काळजी घेतात, असे म्हटले आहे. चारशे वर्षांनंतरच्या कथेपेक्षा हा पुरावा कितीतरी जड आहे.

पुष्यमित्राचे काय? त्याने शेवटच्या मौर्य राजाला सैन्याची पाहणी चालू असताना मारले हे बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त येते, पुराणेही त्याने सत्ता बळकावल्याचे सांगतात, आणि त्याने दोन अश्वमेध केल्याचा उल्लेख अयोध्येच्या लेखात आहे. यज्ञसंस्थेचे पुनरागमन झाले, हे त्यामुळे शिरांच्या बक्षिसाची कथा बाजूला ठेवूनही मांडता येते. शुंगांच्या राजवटीचा उल्लेख भरहुतच्या तोरणावरच्या लेखात आहे, म्हणजे त्या काळात स्तूपांना दाने मिळत होती, हेही त्याच वेळी मान्य करावे लागते. बाबासाहेबांची क्रांती-प्रतिक्रांतीची मांडणी एका राजाच्या क्रौर्यावर टेकलेली नाही. राजसत्ता, यज्ञ, मनुस्मृती आणि वर्णव्यवस्थेची कडक होत गेलेली घडी यांचा संबंध ते जोडतात. तो अपूर्ण ग्रंथ महाराष्ट्र शासनाच्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस' मालिकेच्या तिसऱ्या खंडात १९८७ मध्ये आला. तो वाचलेल्या कार्यकर्त्याला शंभर दिनारांची गरज पडत नाही.

बाबासाहेबांची पद्धतही इथे पाहण्यासारखी आहे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत ते मोकळेपणाने सांगतात की पुराव्याच्या साखळीतले दुवे निखळलेले आहेत, तिथे आपण तर्काने आणि कल्पनेने पूल बांधला आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो ही लाडकी कथा बाजूला सारली, कारण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नसेल हे बुद्धीला पटत नाही. त्याऐवजी शाक्य-कोलियांमधला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. धर्मानंद कोसंबी यांनी मराठीत 'भगवान बुद्ध' लिहिताना त्याच तंट्याकडे लक्ष वेधले होते. हे दोघेही कथाच सांगत आहेत, पण कथेला प्रश्न विचारून.

अशोक विजयादशमीचेही असेच. कलिंगनंतर दहाव्या दिवशी अशोकाने दीक्षा घेतली असे सांगितले जाते. उपलब्ध शिलालेखांत असा दिवस नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले, त्याचे महत्त्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. ते लाखो साक्षीदारांसमोर घडले आहे.

सुतार, गंधी आणि विणकर

लोकप्रिय इतिहासग्रंथांचा मोठा दोष माझ्या मते वेगळाच आहे. ते राजांभोवती फिरतात. २००१ च्या 'अशोका' चित्रपटात कारुवाकी कलिंगची राजकन्या होते, तलवार चालवते. प्रयागच्या स्तंभावरचा लेख तिच्याबद्दल इतकेच सांगतो की ती दुसरी राणी, तीवराची आई, आणि तिने दिलेल्या आमराया, बागा, दानगृहे तिच्याच नावावर नोंदवावीत. स्त्रीने दिलेले दान तिच्याच खात्यावर, असा राजाचा हुकूम! पण पडद्याला तलवार हवी.

कार्ल्याच्या लेण्यात जा. धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचा लेख दाराशी आहे. तिथेच सिंहदत्त नावाचा अत्तरविक्या आहे, यवन दाते आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी नाव कोरले आहे, आणि कठड्यांवर भिक्खुणींची नावे मोजता मोजता बोटे पुरत नाहीत.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातला उषवदाताचा लेख तर हिशेबाची वहीच आहे. राजा नहपानाच्या या जावयाने संघासाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, आणि हजारांवर शेकडा पाऊण व्याज. मूळ रकमेला हात लावायचा नाही. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वर्षावासाला लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब चोख जुळतो. दोन हजार वर्षांपूर्वी विणकरांची संघटना इतकी विश्वासू होती की राजघराणे तिच्याकडे पैसे ठेवत होते. समाजशास्त्र शिकताना मला कुठल्याही सम्राटाच्या पश्चात्तापापेक्षा या ठेवीने अधिक विचार करायला लावले. बचत गट चालवणाऱ्या आपल्या महिलांना हा लेख वाचून दाखवा, त्यांना तो लगेच समजतो.

अभ्यासवर्गासाठी

पुस्तक कोणतेही घ्या, वाचताना प्रत्येक मोठ्या दाव्याशेजारी पेन्सिलने लिहावे: समकालीन शिलालेख, नंतरचा ग्रंथ, की लेखकाचा तर्क. चौऱ्याऐंशी हजार स्तूप नंतरच्या ग्रंथांत येतात, आणि चौऱ्याऐंशी हजार ही धम्मस्कंधांची पारंपरिक संख्या आहे. नव्व्याण्णव भावांची हत्याही नंतरचीच. पाचव्या शिलालेखात मात्र अशोकाच्या भाऊ-बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. कलिंग समकालीन लेखात आहे, पण 'महावंस' आणि 'अशोकावदान' या दोन्हींत त्याचा पत्ता नाही.

सुरुवात कादंबरीसारख्या पुस्तकाने करायला हरकत नाही, गोडी लागते. त्यानंतर मात्र मूळ लेख हाती घ्यावेत. भदंत एस. धम्मिका यांनी १९९३ मध्ये केलेला शिलालेखांचा इंग्रजी अनुवाद छोटा आणि सोपा आहे, एका बैठकीत वाचून होतो. नयनज्योत लाहिरी यांचे 'अशोका इन एन्शंट इंडिया' (२०१५) लेख जिथे आहेत त्या जागांवरून अशोकाकडे पाहते. जॉन स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये 'अशोकावदाना'चा अनुवाद केला आहे. वादात उतरणाऱ्यांनी तो पूर्ण वाचावा, दोन परिच्छेद नव्हे. मुंबईजवळ राहणाऱ्यांना पहिला वर्ग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेता येईल. सोपाऱ्याचा लेख तिथे आहे. जाताना आठव्या आणि नवव्या लेखाचा अनुवाद छापून न्यावा आणि दगडासमोर उभे राहून मोठ्याने वाचावा.